छायाचित्रकार धुंडिराज गोविंद फाळके

आमच्या ज्ञातीच्या स्मरणिकेत अन्य ज्ञातीतील पुरुषाचे चरित्र का, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे, की थोर पुरुषाचा जन्म एका कुळात होत असला तरी त्याच्या कार्याचा वारसा सर्वांचा असतो. शिवाय या चरित्रात न्हावा-शेव्याच्या कुटुंबांनी घ्यावा असा एक विशेष बोध आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. ते पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात अध्यापक झाले. मुलाचा ओढा मात्र रंगरेषांकडे होता. १८८५ साली त्याने जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा व ठसे तयार करण्याच्या विद्येचा अभ्यास केला. त्या काळी छायाचित्र काढविल्याने आयुष्य क्षीण होते, अशी भीती पुष्कळांच्या मनात असे. अशा दिवसांत फाळक्यांनी गोध्रा येथे छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य दगावले आणि तो संसार उद्ध्वस्त झाला.

पुढे सरस्वतीबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. १९०३ साली पुराणवस्तू संशोधन खात्यात ते छायाचित्रकार व आरेखक म्हणून रुजू झाले. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उठली, तेव्हा सरकारी चाकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला. तो नावारूपास आला. पण भागीदारांशी मतभेद झाल्याने त्यांनी तोही सोडला. चाळिशी उलटलेली, घरात लहान मुले आणि हाती उद्योग नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

१९११ साली मुंबईत गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर येशूची मूर्ती हलत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यानंतर चित्रपट पाहणे व त्याचे तंत्र अभ्यासणे यांत त्यांनी डोळ्यांना इतका शीण दिला, की काही काळ दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती परत येताच विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले.

तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी सर्व क्रिया डोळ्यांखालून घातल्या आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांस घेण्याचे ठरविले. ही यंत्रसामग्री जलमार्गाने मुंबईस आली. ज्या बंदराचे दिवे आमच्या किनाऱ्यावरून दिसतात, त्याच बंदरात भारतीय चित्रपटाचे हे बीज उतरले, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हा कॅमेरा हाताने फिरवावयाचा होता. असल्या यंत्राचा दांडा सेकंदास दोन वेळा फिरविला, की फिल्मवर सोळा चित्रे उमटत. चित्रे झरझर पुढे सरकली म्हणजे डोळ्यांस हालचालीचा भास होतो. चित्रपटाचे सारे रहस्य एवढेच. कोरी फिल्म छिद्रांविना येई. ती छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून करीत. धनिकांचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चित्र टिपून अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. डोळ्यांसमोर रोप वाढताना पाहून द्रव्यसाहाय्य मिळाले; तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रण दादर येथे, आणि बाहेरचे काही प्रसंग वांगणीच्या परिसरात झाले. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहातील साळुंके नावाच्या तरुणास उभे केले. रोहिदास झाला फाळक्यांचाच पुत्र भालचंद्र. सर्व मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे होता. सुमारे ३,७०० फुटांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. पुढे ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांनी फाळक्यांचे नाव देशभर नेले. परंतु बोलपटांच्या युगात ते मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ सालापासून भारत सरकार त्यांच्या नावे चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देत आले आहे.

एवढा गौरव होऊनही एक खंत उरते. फाळक्यांच्या बहुसंख्य कृती आज नष्ट झालेल्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’देखील अखंड उरलेला नाही. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळशी फिल्म काळाच्या उदरात गडप झाली होती. एका कुटुंबाने दागिने आणि झोप वेचून जे निर्माण केले, ते जतन करण्याची बुद्धी समाजास उशिरा सुचली.

आम्ही वर म्हटलेला बोध तो हाच. आमच्या किनाऱ्यावरही एक चित्र पालटले आहे. १९८९ साली येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तत्पूर्वी भातशेते आणि मिठागरे बंदराच्या कामी गेली आणि शेवा गावास आपली मूळ जागा सोडावी लागली. जुने अंगण, होड्या आणि खाडीकाठ आता उरले असतील, तर ते आपल्या पेट्यांतील व भिंतींवरील छायाचित्रांतच. त्यांस वाळवी लागू देऊ नये. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर प्रत्येक चित्रातील माणसांची नावे, स्थळ व साल त्यांना विचारून चित्राच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने लिहावे, आणि चित्रे ओलाव्यापासून दूर ठेवावीत. या कामी पैसा लागत नाही, आस्था लागते. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी येत्या वर्षी हे एवढे करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.