बॉडमागचा माणूस : एमील बोदो

लोहारा (प्रतिनिधी) : गळीत हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रॉली काट्यावर चढते, क्षणभर स्थिरावते, काट्याच्या यंत्रावर तांबडे आकडे उमटतात आणि तेच आकडे शेजारच्या संगणकात जाऊन पावतीवर छापले जातात. शेतकऱ्याची नजर त्या आकड्यावर खिळलेली असते आणि ते साहजिकच आहे, कारण वर्षभराच्या घामाचा हिशेब त्यावर ठरतो. काट्याच्या यंत्रापासून संगणकापर्यंत हा आकडा वाहून नेणाऱ्या बारीक तारेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही तार बहुतेक ठिकाणी ज्या जोडणीत खोचलेली असते, तिला सिरियल पोर्ट म्हणतात. तिचा वेग सांगताना जे एकक वापरतात, ते बॉड. आणि ज्याच्या नावावरून हे एकक आले, तो एमील बोदो हा फ्रान्समधील एका शेतकऱ्याचा मुलगा होता.

जुने वैयक्तिक संगणक जपणारी हौशी मंडळी जगभर आहेत. त्यांना बोदो यांचे नाव पदोपदी भेटते. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीला दुसऱ्या संगणकाशी जोडायचे, तर सर्वांत सोपा मार्ग सिरियल पोर्टचाच. मूळ आयबीएम पीसीत ही पोर्ट अंगभूत नव्हती. त्यासाठी स्वतंत्र कार्ड घेऊन ते संगणकाच्या आतील स्लॉटमध्ये बसवावे लागे. दोन्ही संगणकांत कार्डे बसली, की किमान तीन तारांवर काम भागते. पहिलीचा निरोप दुसऱ्याने ऐकावा म्हणून एक, उलट दिशेच्या निरोपासाठी दुसरी आणि दोघांना सामायिक अर्थिंग देणारी तिसरी. मात्र तारा जोडल्या म्हणजे संभाषण सुरू झाले, असे होत नाही. दोन्ही टोकांना एकच वेग ठरवून द्यावा लागतो. एका बाजूला ९६०० आणि दुसऱ्या बाजूला ४८०० बॉड ठेवले, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची गर्दी तेवढी उमटते. दोन्ही टोकांनी आधी काळाबाबत एकमत करायचे आणि मगच बोलायचे, हे तत्त्व बोदो यांच्या तारयंत्राचा प्राण होते.

ज्याँ-मोरीस-एमील बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्सच्या ओत-मार्न विभागातील मान्यो या खेड्यात झाला. गावच्या प्राथमिक शाळेपलीकडे त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. शाळा संपल्यावर ते वडिलांबरोबर शेतात राबू लागले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८६९ मध्ये, त्यांनी नांगर सोडून तार खात्यात उमेदवार तारमास्तराची नोकरी धरली. खात्याने त्यांना ह्यूज यांच्या छपाई तारयंत्राचे शिक्षण घेण्यासाठी पॅरिसला पाठवले. पियानोसारख्या पट्ट्या असलेले हे यंत्र पाहून या खेडूत तरुणाच्या मनात जे कुतूहल जागे झाले, ते पुढे आयुष्यभर शमले नाही. लवकरच फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. बोदो यांनी सैन्यात सेवा केली आणि १८७२ च्या सुमारास ते नव्या यंत्राच्या मांडणीत गढून गेले.

त्या काळातील तारांची अडचण समजून घेतली, तरच त्यांच्या कामाचे मोल कळते. शेकडो किलोमीटर तार टाकायची म्हणजे खांब, तांबे-लोखंड आणि मजुरी यांचा अफाट खर्च. एवढे करूनही त्या तारेवरून एका वेळी सहसा एकच माणूस निरोप पाठवू शके. त्याचे बोट एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाईपर्यंत तार रिकामी राही. मॉर्सच्या लिपीत तर काही अक्षरे आखूड आणि काही लांब. कसलेला कान ती ओळखी, पण यंत्राला एक अक्षर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे ओळखणे अवघड जाई.

बोदो यांनी दोन निर्णय घेतले. पहिला असा, की प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीचे असावे. प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणा आणि प्रत्येक खूण दोनांपैकी एका प्रकारची. दोनाचा पाच वेळा गुणाकार केला, की ३२ जोडण्या मिळतात. रोमन वर्णमालेला त्या पुरतात. अंक आणि विरामचिन्हे यांच्यासाठी त्यांनी त्याच जोडण्यांना दुसरा अर्थ दिला आणि अक्षरांतून अंकांत जाण्यासाठी बदलाची खूण ठेवली. पाच खुणांची कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. गाउस आणि वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी ती आधी वापरली होती. एका तारेचा काळ अनेकांत वाटून देण्याचा प्रयोगही मेयर यांनी त्यांच्या आधी केला होता. छपाईची युक्ती ह्यूज यांची. या तिन्ही गोष्टी एकत्र आणून रोजच्या कामात टिकेल असे यंत्र उभे करणे, हे बोदो यांचे कर्तृत्व.

दुसरा निर्णय काळाच्या वाटणीचा. तारेच्या प्रत्येक टोकाला एक गोल तबकडी आणि तिच्यावरून फिरणारे ब्रश. तबकडीचे चार किंवा सहा भाग केलेले असत आणि प्रत्येक भाग एकेका तारमास्तराचा. ब्रश ज्याच्या भागावरून जाई, तेवढा क्षण तार त्याची. दुसऱ्या टोकाची तबकडी त्याच लयीत फिरत असल्याने प्रत्येकाचा निरोप नेमका आपल्याच जोडीदाराकडे पोचे आणि तेथे कागदी फितीवर अक्षरांत छापला जाई. तारमास्तरापुढे पाच कळा असत, दोन डाव्या हाताच्या बोटांसाठी आणि तीन उजव्या हाताच्या. आपली पाळी आली, की यंत्र टिकटिक असा आवाज करी आणि त्याच ठोक्याला कळा दाबाव्या लागत. भजनात टाळकऱ्याने सम चुकवली, की साऱ्या मंडळींचा ताल बिघडतो. येथेही तसेच होते. हा ताल अंगी बाणवण्यासाठी तारमास्तरांना बराच सराव करावा लागे. एकदा तो बाणला, की प्रत्येक जण मिनिटाला सुमारे ३० शब्द पाठवू शके आणि सहा जणांचे काम एकाच तारेवर चाले.

१७ जून १८७४ रोजी बोदो यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. खात्याने संशोधनाला परवानगी दिली, पण ते स्वतःच्या वेळात आणि खात्याच्या पैशाविना करावे, अशी अट होती. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात यंत्र, असा हा संसार होता. त्यात प्रकृतीची साथ नव्हती. नोकरीच्या सुरुवातीपासून जडलेल्या शारीरिक त्रासामुळे त्यांना वारंवार रजा घ्यावी लागे. एकदा तर महिनाभर ते कामावर जाऊ शकले नाहीत. तरीही १८७५ मध्ये खात्याने यंत्र स्वीकारले. १२ नोव्हेंबर १८७७ रोजी पॅरिस आणि बोर्दो यांच्या दरम्यान प्रत्यक्ष तारेवर चाचणी झाली आणि वर्ष सरण्यापूर्वी सुमारे १७०० किलोमीटर लांबीच्या पॅरिस-रोम मार्गावर ही पद्धत सुरू झाली. १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात बोदो यांना सुवर्णपदक मिळाले. प्राथमिक शाळेपुरते शिकलेला हा शेतकरीपुत्र १८८२ मध्ये खात्याचा निरीक्षक-अभियंता झाला.

यशाबरोबर वादही आला. त्याच तार खात्यातील लुई मिमो यांनी १८७४ मध्येच पाच खुणांच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. बोदो यांचे यंत्र आपल्याच कल्पनेवर उभे आहे, असा दावा करून ते न्यायालयात गेले. सेन येथील न्यायालयाने आधी मिमो यांना अग्रहक्क दिला आणि बोदो यांच्या कामाला सुधारणा ठरवले. या निकालाने दोघांचेही समाधान झाले नाही. पुढे तो रद्द झाला आणि सारा खर्च मिमो यांच्यावर पडला. मिमो यांच्या मनाचा तोल ढळला. भरपाई आणि सन्मान यांची त्यांची मागणी जूल रेनो यांच्या नेतृत्वाखालील समितीने फेटाळली, तेव्हा १८८८ मध्ये त्यांनी रेनो यांना गोळी घालून ठार केले. त्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी आणि त्यानंतर हद्दपारीची शिक्षा झाली. एका कल्पनेचे श्रेय कोणाचे, या प्रश्नापायी दोन आयुष्ये उद्ध्वस्त झाली. बोदो यांचे चरित्र लिहिताना ही काळी बाजू वगळणे योग्य होणार नाही.

बोदो मात्र आपल्या कामात गुंतलेले राहिले. जुलै १८८७ मध्ये त्यांनी इंग्लंड आणि कॅनडा यांना जोडणाऱ्या अटलांटिक सागरी तारेवर यशस्वी चाचण्या घेतल्या. जानेवारी १८९० मध्ये, वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी ८ ऑगस्टला त्यांनी पॅरिस, व्हान आणि लोरियाँ ही तीन ठिकाणे एकाच तारेवर जोडून दाखवली. नेदरलँडने १८९५ मध्ये, जर्मनीने १९०० मध्ये त्यांची पद्धत घेतली. पुढे भारतीय तार खात्यातही बोदो यंत्रे आली. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी, वयाच्या ५७ व्या वर्षी, बोदो यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूने त्यांचे काम थांबले नाही. डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास पाच खुणांची मांडणी बदलून ती टंकलेखन यंत्रासारख्या कळफलकाशी जोडली. त्यातून टेलिप्रिंटर आकाराला आला. प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभाची आणि नंतर विरामाची खूण पाठवण्याची युक्ती निघाल्यावर दोन टोकांनी अखंड एका लयीत फिरण्याची गरज राहिली नाही. एका अक्षरापुरता ताल जुळला तरी पुरू लागले. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत वृत्तसंस्थांच्या बातम्या ओकणारे खडखडते टेलिप्रिंटर अनेक ज्येष्ठ पत्रकारांना आठवत असतील. तो खडखडाट बोदो यांच्या पाच खुणांच्या वंशातला होता. १९२० च्या दशकात तारेवरील खुणांचा वेग मोजण्याच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले. एका सेकंदात एक खूण म्हणजे एक बॉड. ५० बॉडचा टेलिप्रिंटर मिनिटाला सुमारे ६६ शब्द छापत असे.

संगणकाने हाच वारसा उचलला. सिरियल जोडणीचे आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत १९६० मध्ये ठरले. आरंभाची एक खूण, माहितीच्या बहुधा आठ आणि विरामाची एक, अशा दहा खुणांत एक अक्षर जाते. म्हणजे ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे. आयबीएम पीसीच्या सिरियल कार्डावर ८२५० क्रमांकाची चिप असे. या चिपमध्ये अक्षरामागे पाच, सहा, सात किंवा आठ खुणा निवडता येतात आणि पाच निवडल्यास विरामाची खूण दीडपट लांब ठेवता येते. जुन्या टेलिप्रिंटरशी बोलता यावे, यासाठीची ही सोय. जुन्या संगणकात कार्ड बसवणाऱ्या हौशी माणसाला त्या यादीत पाचाचा आकडा दिसला, तर तो बोदो यांच्या पाच कळांचाच अवशेष आहे, हे त्याने जाणावे.

१४ जुलै २०१३ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठीच्या तारा स्वीकारण्याचा शेवटचा दिवस होता. त्यानंतर तार इतिहासजमा झाली. नव्या संगणकांवरून सिरियल पोर्टही जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. तिच्या जागी यूएसबीला लावायचे जोडयंत्र आणून काम चालवावे लागते. काट्यांसारख्या यंत्रांत ती अजून टिकून आहे, कारण ती साधी आहे, स्वस्त आहे आणि बिघाड झाला तर तीन तारा तपासून दुरुस्त करता येते.

काट्यावर ट्रॉली उभी असताना शेतकऱ्याने यंत्रावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा ताडून पाहावा, हा त्याचा हक्क आहे. दोन्ही टोकांचा ताल जुळलेला असेल, तर तार तिच्याकडे आलेला आकडा तसाच पुढे पोचवते. एवढ्यासाठी मान्यो गावच्या शेतकऱ्याच्या मुलाने आपले आयुष्य वेचले. तारेत शिरणारा आकडा खरा असावा, याची जबाबदारी मात्र काट्यावर बसलेल्या माणसाची आहे.