मुसी नदीचा हिशोब : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांत अभियंता दिनाच्या भाषणांची तयारी सुरू होते. रेल्वेच्या आवाजावरून पुढचा रूळ उखडलाय हे ओळखणारे विश्वेश्वरय्या मुलांना पाठ असतात. गोष्ट छान आहे; खरी की दंतकथा, हे कुणी विचारत नाही. पण मुलांना सांगायलाच हवा असा त्यांच्या आयुष्यातला प्रसंग हैदराबादचा आहे, आणि तो आपल्या भाषणांत एका ओळीत उरकला जातो. तिथे कान लावून काही भागलं नाही, कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं.

म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा हा मुलगा. वडील लवकर गेले. बंगळुरूला शिकवण्या करत बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी लागली. मग नाशिक, धुळे, सक्कर, सुरत, पुणे. म्हणजे उमेदीची वीस-बावीस वर्षं बरीचशी आपल्याच मातीत गेली. पुण्यात रानडे-गोखल्यांच्या वर्तुळात त्यांचा वावर होता.

पुण्याचं त्यांचं नाव खडकवासल्याशी जोडलेलं आहे. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई व्हायची. भिंत उंच करणं खर्चाचं काम. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडायचं. त्यावर गेलं की दरवाजे स्वतःहून उघडायचे आणि पूर ओसरला की मिटायचे. हे साल १९०३. साठा वाढला, भिंत होती तेवढीच राहिली. या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं, पण सरकारी नोकर म्हणून रॉयल्टी घेतली नाही.

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. वरच्या जागा इंग्रजांसाठीच राखीव असल्यासारख्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. ते परदेश प्रवासाला निघाले. इटलीत असताना निजाम सरकारचं बोलावणं आलं.

हैदराबादेत काय झालं होतं? २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदी शहरात शिरली. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच पाऊस झाला होता, ४८ तासांत १८.९ इंच. अफजलगंजच्या बाजूची वस्तीच्या वस्ती वाहून गेली. मृतांचा अंदाज पंधरा हजारांच्या आसपास सांगितला जातो. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे, त्यावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली म्हणतात.

विश्वेश्वरय्या लगेच धावत आले नाहीत. ठरलेला प्रवास पूर्ण करून १९०९ मध्ये आले. आज हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्यांना बोलावलं होतं ते बुडालेल्यांना काढायला नव्हे. पुढचा पूर शहराला कसा गिळणार नाही, हे सांगायला.

त्यांनी सुरुवात नदीच्या वरच्या अंगाने केली. शहराच्या वर मुसी आणि तिला मिळणारी इसी यांचं पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल. त्यात ७८८ तलाव, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक! त्यांतले २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्यावर, तो फुटला की दोघांचा मिळून तिसऱ्यावर. शहरावर आला तो नुसता पाऊस नव्हता, साठवलेलं पाणीही एकदम आलं. पुराच्या खुणांवरून त्यांनी प्रवाह मोजला : सेकंदाला सुमारे ४,२५,००० घनफूट. मुलांना हे असं सांगा : दहा हजार लिटरचे बाराशे टँकर, दर सेकंदाला.

वर्गात करण्याजोगं एक गणित इथे आहे. ८६२ चौरस मैलांवर फक्त १ इंच पाऊस पडला तर किती पाणी? साडेपाच हजार कोटी लिटरहून जास्त. आठवीच्या मुलांना एकक बदलता आलं की हे जमतं. यातलं किती मुरेल आणि किती वाहील, हा पुढचा प्रश्न, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

हल्ली शहराची गटारं पावसात तुंबतील का, हे संगणकावर आधी पाहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं त्यासाठीचं सॉफ्टवेअर १९७१ पासून आहे. त्यात पाऊस भरायचा, जमिनीचा उतार भरायचा, काँक्रीट किती आणि माती किती ते सांगायचं, पाइपांचे व्यास द्यायचे. पाइपातून किती पाणी जाईल याचं सूत्र रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याचं, १८८९ सालचं. पाइपात मावत नाही तेवढं पाणी मॅनहोलमधून कधी आणि कुठे वर येईल, हे पडद्यावर दिसतं. म्हणजे प्रश्न विश्वेश्वरय्यांचेच : किती पडलं, किती वाहिलं, वाटेत किती मावलं. फरक असा की संगणक शंभर वेगवेगळे पाऊस पाडून बघू शकतो, त्यांना एकेक हाताने मांडावा लागला.

उत्तर त्यांनी दिलं ते असं : शहरात भिंती उंचावत बसू नका, पाणी शहराच्या वरच अडवा. दोन्ही नद्यांवर एकेक मोठा जलाशय बांधा, पूर त्यात थोपवा आणि मग नदीला झेपेल तेवढंच सोडा. सोबत शहराच्या मैलापाण्याच्या गटारांची योजनाही दिली. मुसीवरचा उस्मान सागर १९२० ला पुरा झाला, इसीवरचा हिमायत सागर १९२७ ला. तोवर ते म्हैसूरचे दिवाण होऊन, पद सोडूनही झाले होते. पुढे हैदराबादच्या गटारांच्या कामासाठी ते पुन्हा तिथे गेले.

त्यांच्या योजनेची मर्यादाही मुलांना सांगावी. जलाशय पूर अडवायला रिकामा हवा आणि प्यायच्या पाण्यासाठी भरलेला हवा. ही ओढाताण आजही आहे. दुसरं म्हणजे, जलाशयांच्या खाली, खुद्द शहरावर जो पाऊस पडतो त्याला हे दोन्ही सागर काही करू शकत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या वस्त्या बुडाल्या त्या बऱ्याच अंशी अशाच पावसाने, भरलेल्या नाल्यांनी आणि फुटलेल्या तलावांनी. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेली होती. आपल्या गावचा नाला किती पावसाच्या हिशोबाने बांधलाय, हे नगरपालिकेत मुलांना घेऊन जाऊन विचारता येईल. उत्तर मिळेलच असं नाही.

विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न मिळालं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने त्यांच्या उमेदीतलं खडकवासलाही फोडलं. पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळुरूत होते, वय शंभरीच्या घरात. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले.