समजून घ्या : ड्रोन उडताच बॅटरीचे व्होल्टेज का घसरते? २०० वर्षांपूर्वी एका शिक्षकाने शोधले उत्तर

कोल्हापूर जिल्ह्यात उसावर ड्रोनने होणारी फवारणी आता नवी राहिलेली नाही. पण टाकी भरून ड्रोन वर उचलला की रिमोटच्या स्क्रीनवरचे व्होल्टेज झपकन खाली येते आणि ड्रोन उतरवल्यावर पुन्हा थोडे चढते. बॅटरी खराब आहे का? दरवेळी नाही. या घसरणीचा हिशेब जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२६ मध्येच मांडला होता.

कोण होते ओहम?

त्यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. ते स्वतः वाचून गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवले. विद्यापीठात गेल्यावर ओहम नाच आणि बिलियर्ड्समध्ये रमले. संतापलेल्या वडिलांनी त्यांना स्वित्झर्लंडला धाडले. तिथे शिक्षकी करत त्यांनी अभ्यास सुरू ठेवला आणि १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८१७ मध्ये ते कोलोनच्या एका शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले.

बॅटरीने त्यांना कसे चकवले?

वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती वीज वाहते, हे ते मोजत होते. पण त्या काळची बॅटरी वीज ओढताच ढेपाळायची. त्यामुळे १८२५ मध्ये त्यांनी मांडलेला नियम चुकला. मग त्यांनी बॅटरी बाजूला ठेवून दोन धातूंचे जोड वापरले. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. यातून स्थिर व्होल्टेज मिळाले आणि नियम सापडला. त्यांच्या सूत्रात तारेच्या रोधासोबत वीज पुरवणाऱ्या साधनाचा स्वतःचा रोधही धरलेला होता.

ड्रोनशी याचा संबंध काय?

बॅटरीतल्या या रोधाला अंतर्गत रोध म्हणतात. विद्युतधारा गुणिले रोध, तेवढे व्होल्टेज बॅटरीतच खर्च होते. उदाहरणार्थ, ६ सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी जमिनीवर २२.८ व्होल्ट दाखवते. तिचा रोध ०.०२ ओहम आहे आणि उड्डाणात १०० अँपिअर धारा लागते. घसरण झाली २ व्होल्ट, उरले २०.८, म्हणजे प्रत्येक सेलला साधारण ३.४७ व्होल्ट. बॅटरी जुनी होऊन रोध दुप्पट झाला, तर उरतील १८.८ व्होल्ट, म्हणजे सेलला ३.१३. ही पातळी धोक्याची आहे. भरलेल्या टाकीसह ड्रोन शेतातच उतरू शकतो. थंडीतही रोध वाढतो. म्हणून जमिनीवरच्या आकड्यावर विसंबू नका, उड्डाणातला आकडा पाहा.

ओहम यांचे पुढे काय झाले?

१८२७ मध्ये त्यांचे पुस्तक आले, पण जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे ओढगस्तीत काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला पुन्हा पद मिळाले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. ज्या प्राध्यापकपदाची आस होती, ते म्युनिकमध्ये १८५२ मध्ये मिळाले. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले.

१८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. आज अनेक चार्जर प्रत्येक सेलचा रोध मिलीओहममध्ये दाखवतात. बॅटरी नवी असतानाच तो आकडा लिहून ठेवा. पुढे तो किती वाढला, यावरून बॅटरी कधी बदलायची ते कळेल.