डॉ. कोटणीस, चीनमधली कांग आणि आपल्या घरातला लाल दिवा

सोलापुरात शेक विकत घ्यावा लागतो असं मे महिन्यात कुणाला सांगितलं तर लोक हसतील. पण बाबांच्या गुडघ्याची वाटी बदलली, टाके निघाले, आणि काही आठवड्यांनी आईने इन्फ्रारेडचा लाल दिवा मागवला. खोक्यावर छापलं होतं की किरण थेट हाडापर्यंत पोचतात. आईने दिवा गुडघ्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. बाबांना काहीच जाणवेना, म्हणून त्यांनी तो अजून जवळ घ्यायला लावला. वीस मिनिटांनी बघतो तर व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी लालभडक!

जाणवणार कसं? या ऑपरेशनमध्ये गुडघ्यासमोर उभा छेद घेतात, त्यात कातडीला संवेदना देणारी एक बारीक नस बऱ्याचदा कापली जाते. त्यामुळे व्रणाच्या बाहेरचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. भाजतंय हे सांगणारी यंत्रणाच तिथे बंद असते. नशिबाने फोड आला नाही. पण मी इंजिनियर असून खोक्यावरचं वाक्य तपासलं नव्हतं, याची लाज वाटली. मग वाचायला बसलो.

वाचता वाचता एक प्रश्न डोक्यात शिरला. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तिथून मी गाडीवरून कितीतरी वेळा गेलोय. वीज नसलेल्या डोंगरात, कडाक्याच्या थंडीत ऑपरेशनं करणारा आपल्या गावचा हा सर्जन. त्यांचे पेशंट ऑपरेशननंतर कशाच्या उबेवर बरे होत असतील?

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. डॉक्टरकीचं शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झालं. पुढचं शिक्षण घेऊन नीट जम बसवायचा, हा कुठल्याही मध्यमवर्गीय घरातल्या मुलासारखा त्यांचाही रस्ता होता. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी जू द यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, आणि १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी लोकांना आवाहन केलं. पाच डॉक्टर निवडले गेले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये बोटीने ते निघाले. कोटणीस अजून २८ वर्षांचेही झाले नव्हते. म्हणजे माझ्याच वयाचे. मी त्या वयात बंगळूरला जाऊ की पुण्याला, यावर दोन महिने घालवले होते.

आधी वूहान, मग १९३९ च्या सुरुवातीला येनान. ते चीनमध्ये असतानाच इकडे वडील वारले. कोटणीस परतले नाहीत. पथकातले बाकीचे एकेक करून मायदेशी आले. कोटणीस मात्र उत्तरेला, हेबै प्रांताच्या डोंगराळ भागात, आघाडीजवळ गेले. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास, न झोपता ऑपरेशनं केल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करत होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये, ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष अंगात पसरून ते गेले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली.

रुग्णालय म्हटल्यावर इमारत डोळ्यांसमोर आणू नका. जपानी तुकड्या आल्या की सगळं उचलून पळावं लागे. जखमींना गावकऱ्यांच्या घरात ठेवत. आणि त्या भागातल्या घरात झोपायची जागा म्हणजे कांग. विटा-मातीचा रुंद ओटा, आतून पोकळ. एका टोकाला चूल, तिचा धूर आणि गरम हवा ओट्याच्या पोटातून फिरून दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की ओटा तापतो आणि रात्रभर हळूहळू थंड होत राहतो.

आता आपल्या विषयावर या. १८०० मध्ये विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. हेच इन्फ्रारेड. प्रत्येक गरम वस्तू ते सोडते, तुम्हीसुद्धा. कुठल्या तरंगलांबीवर जास्तीत जास्त सोडते, ते वीनच्या नियमाने काढता येतं : २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये. मी दोन ओळींचा कोड लिहून पाहिलं. लाल दिव्याची तार साधारण २४५० केल्विन, म्हणजे सुमारे १.२ मायक्रॉन. चाळीस अंश सेल्सिअसची कांग म्हणजे ३१३ केल्विन, सुमारे ९.३ मायक्रॉन. आपली कातडी जवळपास ९.५ मायक्रॉन. म्हणजे कांग आणि माणूस जणू एकाच स्टेशनवर बोलतात. (अर्थात कांगेवर पाठ टेकली की बरीचशी ऊब स्पर्शानेही मिळते.)

हा आकड्यांचा खेळ कामाचा आहे. ९ मायक्रॉनच्या आसपासचं इन्फ्रारेड कातडीतलं पाणी लगेच शोषून घेतं, मिलिमीटरच्या छोट्याशा भागातच. दिव्याचं १ मायक्रॉनच्या जवळचं थोडं खोल जातं, काही मिलिमीटर. त्याच्या खाली ऊब पोचवतं ते रक्त. कातडी तापली की रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात, दुखणं काही वेळ कमी वाटतं. इथपर्यंत दिवा खरा. हाडापर्यंत किरण जातात हे मात्र खोटं. बाबांच्या गुडघ्यातला धातू तापेल ही आईची भीतीही या दिव्याबाबत निराधार होती. ती काळजी शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाच्या वेगळ्या मशीनची, त्यात खोलवरचा धातू तापू शकतो.

आणि ऑपरेशननंतर शरीर उबदार ठेवणं याला दुखण्यापलीकडे महत्त्व आहे. भूल दिल्यावर शरीराची तापमान सांभाळायची यंत्रणा मंदावते. पेशंट गार पडला तर रक्तस्राव वाढतो, जखमेत जंतुसंसर्ग व्हायची शक्यता वाढते. म्हणून आज ऑपरेशन थिएटरमध्ये गरम हवेची पांघरुणं वापरतात. कोटणीसांनी कांग उपचार म्हणून वापरली असा दावा मी करत नाही, ती त्या घरांत होतीच. पण रक्त गेलेल्या, भुलीतून उठणाऱ्या माणसासाठी त्या डोंगरात तिच्याहून चांगली खाट मला तरी सुचत नाही.

कोटणीस चिनी बोलायला-लिहायला शिकले. तरुण मुलामुलींना सर्जरी शिकवायची तर भाषा हवीच. त्यांच्यासाठी ते चिनी भाषेत सर्जरीची पुस्तकं लिहीत होते. नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव यिनह्वा : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. याच काळात त्यांना अपस्माराचे झटके येत होते. काम थांबलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यातच ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. तोही पुढे वैद्यकीय शिकला आणि १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच वारला.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर काढलेला सिनेमा बाबांनी पुन्हा लावायला लावला. पाय स्टुलावर, समोर दिवा. फिजिओथेरपिस्टला विचारून आता आम्ही तो दीड-दोन फुटांवर ठेवतो, फरशीवर चिकटपट्टीची खूण केली आहे. वेळ पंधरा मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. पहिल्या दिवसांतल्या सुजेवर बर्फच ठेवायचा, हेही त्यांनीच सांगितलं. दर पाच मिनिटांनी आई हाताची मागची बाजू बाबांच्या कातडीला लावून बघते, बधिर भागाला सगळ्यात आधी.