दॉमिनिक-ज्याँ लारे

दॉमिनिक-ज्याँ लारे (८ जुलै, १७६६:बोदेआँ, फ्रान्स - २५ जुलै, १८४२:ल्यों, फ्रान्स) हे फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सक होते. जखमी सैनिकांवर रणभूमीजवळच उपचार करणारी वेगवान पथके त्यांनी उभारली. आधुनिक आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

सुरुवातीचे जीवन

लारे लहानपणीच पोरके झाले. तुलूझ येथे शल्यचिकित्सक असलेल्या काकांकडे त्यांचे प्राथमिक वैद्यकीय शिक्षण झाले. १७८७ मध्ये ते नौदलात दाखल झाले. पुढे पॅरिसमध्ये देसो यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले व १७९२ मध्ये ऱ्हाइन सैन्यात रुजू झाले.

उडती रुग्णपथके

त्या काळी नियमानुसार वैद्यकीय पथके सैन्याच्या सुमारे एक लीग (४ किमी) मागे थांबत. लढाई संपेपर्यंत जखमींना कोणी उचलत नसे. उपचार मिळेपर्यंत एक दिवसाहून अधिक काळ लोटे व अनेकजण तत्पूर्वीच मरण पावत. घोड्यांवरील तोफखान्याची चपळता पाहून लारे यांना हलक्या गाड्यांची कल्पना सुचली.

१७९७ मध्ये इटलीत त्यांनी या पथकांची पूर्ण रचना केली. तीत सुमारे ३४० माणसे तीन विभागांत वाटलेली असून प्रत्येक विभागाकडे १२ हलक्या व ४ जड गाड्या होत्या. शल्यचिकित्सकांखेरीज उपकरणे व मलमपट्टीचे साहित्य वाहणारे, नालबंद आणि खोगिरांची दुरुस्ती करणारे कारागीरही त्यांत होते. प्रत्येकाचे काम आधीच ठरलेले असे. हुद्दा वा राष्ट्रीयत्व न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचारांचा क्रम लावण्याची पद्धत लारे यांनी रूढ केली.

मनुष्यबळ आणि प्रशिक्षण

क्रांतीच्या काळात फ्रान्समधील जुनी वैद्यकीय विद्यालये बंद झाली, तर युद्धांमुळे शल्यचिकित्सकांची गरज वाढली. त्यामुळे अपुरे शिक्षण घेतलेले तरुण सैन्यात दाखल होत. लारे यांनी मोहिमेवर असतानाच त्यांना शिकवले. इटलीतील शहरांत व कैरो येथे त्यांनी शल्यचिकित्सेचे वर्ग चालवले; पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास लष्करी रुग्णालयातही ते प्राध्यापक होते.

प्रशिक्षित माणसे टिकवणे मात्र अवघड ठरले. युद्ध थांबताच अनेक शल्यचिकित्सकांना सेवेतून कमी केले जाई. कायमस्वरूपी स्वतंत्र शल्यचिकित्सक दल असावे, ही लारे यांचे समकालीन पर्सी यांची सूचना नेपोलियनने स्वीकारली नाही. लारे यांची पथकेही मुख्यतः शाही रक्षक दलापुरती मर्यादित राहिली. उर्वरित सैन्याला त्यांचा लाभ क्वचितच मिळाला. या तुटवड्याचा भार मोजक्या अनुभवी व्यक्तींवर पडे. १८१२ मध्ये बोरोदिनो येथे लारे यांनी २४ तासांत सुमारे २०० अवयवच्छेदन शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. त्यानंतरच्या माघारीत सैनिकांबरोबर अनेक अनुभवी शल्यचिकित्सकही दगावले.

उत्तरायुष्य

१८१५ मध्ये वॉटर्लू येथे प्रशियन सैनिकांनी लारे यांना पकडले व त्यांना गोळ्या घालण्याचा आदेश झाला. बर्लिनमध्ये त्यांची व्याख्याने ऐकलेल्या एका शल्यचिकित्सकाने त्यांना ओळखल्यामुळे त्यांचे प्राण वाचले. नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले होते. लारे यांच्या लष्करी शल्यचिकित्साविषयक आठवणींचे पहिले तीन खंड १८१२ मध्ये प्रकाशित झाले.