कर्णधार बिल कुक

कॅनडा देशात हिवाळा मोठा कडक असतो. तळी गोठली, की मुले पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर हॉकी खेळू लागतात. या खेळात चेंडूऐवजी रबराची चकती असते. बिल कुक यांनी याच खेळात कीर्ती मिळविली.

त्यांच्या तारुण्याची वर्षे पहिल्या महायुद्धात, तोफखान्यात गेली. परतल्यावर त्यांनी सस्कॅचेवान प्रांतात शेती केली व धंदेवाईक हॉकीही आरंभिली. १९२६ साली न्यू यॉर्क शहरात रेंजर्स हा नवा संघ निघाला. कुक त्याचे पहिले कर्णधार झाले. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. तरीही संघाच्या पहिल्याच सामन्यातील एकमेव गोल त्यांनी केला!

धाकटे बंधू बन आणि फ्रँक बाऊचर हे त्यांचे साथीदार. हे तिघे चकती एकमेकांकडे देत देत पुढे सरकत. एकट्याने चमकण्याचा हव्यास त्यांना नव्हता. १९२८ साली रेंजर्सने मानाचा स्टॅन्ली करंडक जिंकला. १९३३ साली अंतिम फेरीत टोरांटो संघाशी गाठ पडली. निर्णायक सामन्याची वेळ संपली, तरी एकही गोल झाला नव्हता. अखेर जादा वेळात कुक यांनी गोल केला आणि करंडक पुन्हा रेंजर्सकडे आला. त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक गुणही त्यांचेच होते.

१९३७ सालापर्यंत, म्हणजे अकरा हंगाम, त्यांनी संघाची धुरा वाहिली. १९८६ साली ते निवर्तले. संधी उशिरा आली म्हणून ते खचले नाहीत. आलेल्या संधीचे त्यांनी सोने केले.