रक्तातला जमाखर्च

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्यांच्या दुखण्याविषयी फारसे बोलत नाही. आम्हा परतवाड्याच्या मंडळींना नागपूरची दीक्षाभूमी काही परकी नाही. तिथे गेलो की मला वाटते, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी हा माणूस इथे उभा राहिला तो किती थकलेल्या देहानिशी!

१८९१ साली जन्मलेल्या बाबासाहेबांना मधुमेहाने गाठले होते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची जबाबदारी आली आणि त्याच काळात पायांच्या वेदनांनी झोप उडवली. इन्शुलिनची सुई मागे लागली. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. औषध-पथ्य सांभाळणारे माणूस घरात आले. दुखणे सोबत घेऊनच त्यांनी काम तडीस नेले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली.

इन्शुलिन हे स्वादुपिंडातून रक्तात उतरणारे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन. १९२१ साली टोरांटोत ते हाती लागले. वय वाढते तसे स्नायू त्याला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड आधी जास्त इन्शुलिन सोडते, पुढे अनेकांचे दमते. साचलेली साखर नसा, रक्तवाहिन्या आणि हृदय पोखरते. हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते. अल्डोस्टेरॉनसारखी संप्रेरके वाढतात, अंगात मीठ-पाणी साठते, पाय सुजतात. त्यावर उतारा म्हणून हृदय स्वतःच एक संप्रेरक सोडते, हे १९८१ साली उमगले. पुरुषांतले टेस्टोस्टेरॉन मात्र वयाबरोबर उतरते. हृदय थकलेल्यांत ते पुष्कळदा आणखी कमी आढळते. बँकेत हयात घालवलेल्या मला ही खातेवहीच वाटते. एका खात्यावर ताण आला की दुसऱ्याची शिल्लक हलते.

रक्तातले इन्शुलिन नेमके मोजण्याची रीत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० साली मांडली. बाबासाहेबांच्या हयातीत डॉक्टरांना साखर मोजता येई. तिच्यामागचे संप्रेरक नव्हे. अखेरच्या रात्रीही ते बुद्धांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुंतले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, झोपेतच, पासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज तालुक्याच्या गावीही साखर तपासून मिळते. माझ्या वयाच्या वाचकांनी त्यात हयगय करू नये. आणि जाहिरात पाहून तारुण्याची इंजेक्शनेही घेऊ नयेत. उतरलेला आकडा कित्येकदा आजाराचे मूळ नसतो, त्याची सावली असते. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. बाबासाहेबांना जे मोजून मिळाले नाही, ते आपल्याला मिळते आहे. त्याची कदर असावी.